कोंबडीला हिरवी हगवण, पाय ओढून राहिली, पण मान सरळ. ही मानमोडीच (राणीखेत रोग) आहे का?

निंबाखालची काकू, हुडकेश्वर, नागपूर
२७ मे

नमस्कार मंडळी. लांब लिहिते आहे. अर्धवट सांगितलं की लोक उत्तरही अर्धवटच देतात, म्हणून सगळंच सांगते.

घरामागच्या अंगणात माझ्या ११ होत्या. ७ गावरान, २ गिरिराज, १ कडकनाथ कोंबडा आणि एक पेरूवरची बया, जिची जात अजून कोणाला सांगता आली नाही. धंदा वगैरे काही नाही. घरापुरती अंडी होतात, उरली तर शेजारी जातात.

१४ मेला एक गावरान गेली. आधी तीन दिवस डोळे मिटून भिंतीला लागून बसायची. खाणं बंद, पाणी मात्र सारखं. हिरवीगार पातळ हगवण. तिसऱ्या दिवशी पाय ओढायला लागली, बसली की उठता येईना. चौथ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर थंडगार. तेव्हा इकडे पारा ४५ला टेकला होता, माणसं भोवळ येऊन पडून राहिली होती, म्हटलं उन्हानंच गेली. खड्डा खणला, चुना टाकून पुरली आणि विषय संपवला.

परवापासून तांबडीचं तेच सुरू झालं. ही माझी सगळ्यात जुनी, ४ वर्षांची. तसंच डोळे मिटणं, तसंच पाणी पिणं, तीच हिरवी घाण. तुरा बघवत नाही, धुऊन धुऊन रंग गेलेल्या फडक्यासारखा झाला आहे. आजपासून डावा पाय ओढून राहिली. बाकीच्या खातात, फिरतात, पण रोजची ५-६ अंडी होती ती २ वर आली, आणि त्यांचेही तुरे मला फिके वाटतात. की माझ्याच डोळ्यात आता ते बसलं आहे, काही कळून नाही राहिलं.

खायला कनकी, कुकुस, थोडी ज्वारी, उरलेला भात. सावलीला निंब आहे, शिवाय कूलरची जुनी वाळ्याची ताटी बांधून दिली आहे. गुळाचं पाणी, हळद, कांदा, लसूण सगळं झालं. लस टोचली होती असं पिल्लं देणाऱ्यानं तोंडी सांगितलं होतं, कागद काही नाही. मानमोडी म्हणावी तर मान वाकडी नाही, घरघर नाही, तोंड उघडून श्वास घेणं दुपारी सगळ्यांचंच चालतं.

शेजारच्यांनी तर धसकाच घेतला आहे. २०२४च्या डिसेंबरात गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, तेव्हापासून माझी कोंबडी शिंकली तरी यांच्या खिडक्या बंद होतात. सगळ्या देऊन टाका म्हणतात. कोणाला देऊ?

अजून एक त्रास. पाडव्याला ह्यांच्या चुलतभावाकडून उमरेडहून खुराडं आणलं. जुनं, पण अस्सल सागवानी. त्यांनी कोंबड्या सोडल्या, दीड वर्ष ते गोठ्यात रिकामं पडलं होतं. आमच्या घरी सागवान म्हटलं की ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे टेम्पोचं भाडं देऊन ते आलं. तर आता महिनाभरापासून कोंबड्या संध्याकाळी त्यात जायलाच तयार नाहीत. आधी दिवे लागले की आपणहून ओळीनं आत जायच्या, आता झाडू घेऊन मागे धावावं लागतं. उकडत असेल आत. पेरूवरची बया तर पहिल्या दिवसापासून शिरली नाही, फांदीवरच झोपते. कधी मांजर नेईल तिला.

तांबडीसाठी काय करू ते लवकर सांगजा.


काटोलचा संत्रेवाला
२७ मे

काकू, उन्हाचा भाग आहेच. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. धापेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मग कवचासाठी लागणारा मसाला कमी पडतो, म्हणून मे महिन्यात अंडी पातळ कवचाची येतात आणि कमीही येतात. माझ्याकडे दर वर्षी होतं. दाणा पहाटे आणि उन्हं उतरल्यावर द्या, भर दुपारी देऊ नका, पचवताना अंगात आणखी उष्णता होते. पाण्याचं भांडं मातीचं ठेवा, त्यात ओआरएसची पुडी चालते.

हिरव्या रंगाला एकदम घाबरू नका. कोंबडी खायची थांबली की नुसतं पित्त उतरतं, ते हिरवंच दिसतं.

फक्त एक खटकलं. उन्हानं जाणारी कोंबडी दुपारी तीन-चारला जाते, धापा टाकता टाकता. तुमची पहाटे गेली, आणि तीही तीन दिवस झुरून.


मोहाडीचा पोट्टा
२७ मे

काकू मानमोडीच आहे ही, वाट पाहू नका. दोन वर्षांआधी आमच्याकडे ४० होत्या. सोमवारी एक सुस्त, गुरुवारी अर्ध्या पडल्या, पुढच्या सोमवारपर्यंत ८ उरल्या. उरल्या त्यातल्या तिघींची मान कायमची उलटी, दाणा टिपायला जायच्या तर मागेच पडायच्या. हिरवी हगवण आणि पाय जाणं आमच्याकडेही होतं. आजच १९६२ला फोन लावा, जनावरांच्या दवाखान्याचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आणि मेलेली कोणाला खायला देऊ नका, आमच्याकडे लोक मागायला येतात.


गच्चीवरचा
२७ मे

खाद्याच्या दुकानातून टेट्रासायक्लिनची पावडर आणा, सगळ्यांच्या पाण्यात टाका. आणि खुराड्यात गॅमॅक्सिन, ती किडे मारायची पावडर, मारून घ्या, आमचे आजोबा तेच करायचे. काम तमाम.


सुईवाले काका
२७ मे, रात्री

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच उमरेड-भिवापूर पट्ट्यात. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण काकू, तुम्ही सगळं सांगितलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

आधी मानमोडीचं. मोहाडीच्या भाऊनं जे सांगितलं ते अगदी बरोबर, आणि म्हणूनच तुमच्याकडची मला ती वाटत नाही. लस नसलेल्या कळपात मानमोडी शिरली की आठवड्यात अंगण रिकामं करते. तुमची पहिली १४ तारखेला गेली, दुसरी २५ला आजारी पडली. एकाच भांड्यात पाणी पिणाऱ्या १० कोंबड्यांमध्ये मानमोडी ११ दिवस शांत बसत नाही. बर्ड फ्लूचंही तेच. त्यात धडाधड मरतात, तुरा निळा-जांभळा पडतो, डोकं सुजतं. तसं काही दिसलं तर हात न लावता १९६२. तोवर शेजाऱ्यांना चहा पाजा.

आता तुरा. पांढरा तुरा म्हणजे अंगात रक्त नाही. हगवणीनं आणि उन्हानं कोंबडी सुकते, पण दोन दिवसांत तुरा फडक्यासारखा होत नाही. रक्त कुठे तरी चाललं आहे. पोटातल्या जंतांनी जाऊ शकतं, रक्ती हगवणीनं जाऊ शकतं, ती मोठ्या कोंबड्यांत सहसा इतकी दिसत नाही. किंवा कोणी तरी बाहेरून पितं आहे.

मग बघा. आणलेलं जुनं खुराडं. महिनाभरापासून आत जायला नकार. आणि जी एक बाई आत झोपतच नाही, तिच्याबद्दल तुम्ही एकही आजार लिहिला नाही. उद्या सकाळी तिचा तुरा नीट बघा. लालभडक असला तर माझं म्हणणं बहुतेक खरं.

मला गोचिडांचा संशय आहे. बैलाच्या कानात लटकलेली असतात ती नव्हेत. कोंबडीचं गोचीड वेगळं. जवसाच्या दाण्यासारखं चपटं, तपकिरी, कातडी चामड्यासारखी, वरून पाहिलं तर तोंड दिसत नाही. दिवसभर फळ्यांच्या सांध्यात लपतं. रात्री बाहेर येतं, अर्धा तास रक्त पितं, टम्म निळसर होतं आणि परत फटीत. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीपालटी केली तरी सापडत नाही. लोक औषधं पाजत राहतात आणि किडे फळीत बसून ऐकत राहतात.

खुराडं दीड वर्ष रिकामं होतं ह्यावर जाऊ नका. हे जनावर वर्षाहून जास्त उपाशी राहतं. चुलतभावांनी कोंबड्या का सोडल्या ते एकदा विचाराच.

नुसतं रक्त प्यायलं असतं तर कोंबड्या अशक्त झाल्या असत्या. पण ताप, हिरवी हगवण, सारखी तहान आणि पाय जाणं, हे सगळं एकत्र आलं की मला त्यांच्या चाव्यातून येणारा रोग आठवतो. स्पायरोकीटोसिस. रक्तात स्क्रूसारखे पिळाचे जंतू होतात. गोचीड ते जंतू स्वतःच्या अंड्यांतून पुढच्या पिढीला देतं, त्यामुळे एकदा घरात शिरला की मुक्काम लांबतो. वरवर बघता हा मानमोडीचा जुळा भाऊ, भल्याभल्यांची फसगत होते. चांगली गोष्ट इतकीच की मानमोडीला औषध नाही आणि ह्याला आहे. साधं पेनिसिलिन.

आज रात्री ११नंतर टॉर्च घ्या. दार झटकन उघडा, उजेड आधी बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला मारा, मग फळ्यांच्या सांध्यांवर. जुनी सुरी फटीत घालून ओढा. मग तांबडीला धरून पंखांच्या आतली आणि मांड्यांची कातडी बघा. लहान पिल्लं-गोचिडं तिथे चार-सहा दिवस चिकटून असतात, काळे तीळ पेरल्यासारखी. कडकनाथाचा तुरा बघत बसू नका, तो मुळातच काळा, रक्त कमी झालं तरी चुगली करत नाही. त्याला हातात उचला आणि छातीचं हाड चाचपा. हाड धारदार लागलं तर तोही खंगला आहे.

गच्चीवरच्या भाऊ, राग मानू नका. गॅमॅक्सिनवर कधीचीच बंदी आली, आजोबांच्या काळात ते चालायचं. आणि नक्की काय आहे ते कळायच्या आधी सगळ्यांच्या पाण्यात औषध टाकलं तर रक्ताच्या काचेवर काही दिसणार नाही, अंडीही कित्येक दिवस फेकावी लागतील.


निंबाखालची काकू
२८ मे, पहाटे १:२०

काका, झोप उडाली म्हणून आत्ताच लिहिते.

ह्यांनी टॉर्च धरला, मी दार उघडलं. दांडीच्या खालून काही तरी हललं असं वाटलं, नीट पाहिलं तर लाकूडच हलत होतं. इतके. सुरी फटीत घालून ओढली तर पात्यावर रक्त. माझ्या कोंबड्यांचं रक्त न हे! मागच्या फळीच्या सांध्यात दाटीवाटीनं बसलेले, काही जवसासारखे, काही फुगून निळे. हे आधी म्हणाले सागवानाला कीड लागत नसते. मग गप्प झाले.

तांबडीच्या पंखाखाली काळे तीळ आहेत, मी १७ मोजले आणि मग मोजणं सोडलं. पेरूवरची बया फांदीवर ठणठणीत. तिचा तुरा लालच आहे, टॉर्च मारला म्हणून मलाच शिव्या घातल्या तिनं.

सगळ्यांना आत्ताच बाहेर काढलं. सकाळपर्यंत पोर्चमध्ये जाळीखाली.


निंबाखालची काकू
२९ मे

काल सकाळी एक गिरिराजही डोळे मिटून बसली. मग विचार केला नाही. तांबडी आणि ती, दोघींना फळांच्या खोक्यात घातलं आणि सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. ऑटोवाल्यानं विचारलं, कापायला का? म्हटलं दाखवायला. त्यानं आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं. माझ्या डाव्या बाजूला कुत्रेवाले, उजव्या बाजूला बकरीवाले, मध्ये मी. सुरीवरचे किडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून नेले होते, ते फार कामी आले. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली आणि पुढचे प्रश्नच बदलले.

पंखाच्या शिरेतून रक्त घेतलं, काचेवर पसरलं, रंग लावून पाहिलं. गंमत अशी की गिरिराजच्या काचेवर जंतू दिसले आणि तांबडीच्या काचेवर काहीच नाही. मला वाटलं चला, तांबडीला दुसरं काही असेल. तर डॉक्टर म्हणाले की उलट आहे. ताप चढतो तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत ते रक्तात दिसतात, पुढे दिसेनासे होतात. म्हणजे मी तांबडीला उशिरा आणलं, एवढाच त्याचा अर्थ. लक्षणं तीच, किडे तेच, म्हणून दोघींनाही पेनिसिलिनची इंजेक्शनं, छातीच्या मांसात. किती आणि किती दिवस ते त्यांनी वजन करून ठरवलं, म्हणून इथे लिहीत नाही, नाही तर कोणी तरी अंदाजानं टोचेल. मानमोडीच्या लसीचंही विचारलं. आजारी आणि रक्त कमी झालेल्या कोंबड्यांना आता नको म्हणाले, सगळ्या सावरल्या की मग द्यायची.

मोहाडीच्या दादा, तुम्ही धाक घातला नसता तर मी अजून दोन दिवस हळदच चारली असती.

चुलतभावांना फोन केला. "कोंबड्या टिकतच नव्हत्या वहिनी, म्हणून सोडल्या." पाडव्याला का नाही सांगितलं, तर म्हणतात तुम्ही विचारलंच नाही.

आता खुराड्याचं काय करू? जाळा म्हटलं तर हे उंबऱ्यात आडवे होतील. उन्हात ठेवलं तर मरतील का किडे? नवतपा सुरू आहे, त्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.


सुईवाले काका
२९ मे

उन्हानं मरत नाहीत, आणखी खोल शिरतात. भाऊसाहेबांना सांगा, सागवान वाचवायचं तर एकच रस्ता, खुराडं पूर्ण खोलायचं. खिळे काढून फळी न् फळी सुटी करा. सांधे तसेच ठेवून वरून काहीही मारलंत तरी आतले जगतात. सुट्या फळ्यांच्या कडांवरून प्लंबरचा ब्लो लॅम्प हळूहळू फिरवायचा, किंवा उकळतं पाणी ओतायचं, तेही दोन-तीनदा. मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं फवाऱ्याचं औषध, हातमोजे घालून, कोंबड्या लांब असताना. १०-१२ दिवसांनी पुन्हा सगळं, कारण अंड्यांतून नवे निघालेले असतात. परत जोडताना फटी पुट्टीनं बुजवा आणि आतून चुना मारा. एवढी मेहनत करायची नसेल तर जाळा. मी जाळलं असतं.

खुराडं ज्या भिंतीला लागून होतं ती भिंत विसरू नका. विटांच्या मधला चुना गळाला असेल तर तिथेही असतील. पेरूची सुटलेली साल पण खरवडून बघा.

कोंबड्या झोपवायला लोखंडी काही आहे का? त्याला फट नसते.


निंबाखालची काकू
३१ मे

आहे न. सासूबाईंचा लोखंडी पलंग, वरच्या पट्ट्या केव्हाच गेल्या, नुसता सांगाडा गच्चीवर पडला होता. तो पोर्चमध्ये आणला. चारही पायांखाली डबे ठेवून त्यात गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑईल ओतलं, किडा चढला तर तिथेच अडकेल म्हणून. पलंग भिंतीपासून दीड हात लांब, सगळीकडून जाळी. पहिल्या रात्री एकीलाही पकड जमेना, तेव्हा सांगाड्यावर बांबूची एक दांडी बांधली. मग आठवलं की बांबूला पोकळी असते. काढली, नळाचा जुना पाइप बांधला. आता ८ जणी... म्हणजे ७ जणी आणि कोंबडा, पाइपवर रांगेत बसतात. सासूबाईंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या ते लिहिण्यासारखं नाही.

भिंतीत निघाले. खुराड्यामागच्या तीन विटांच्या सांध्यात. पेरूवर नाही निघाले.

गिरिराज दुसऱ्या इंजेक्शननंतरच दाण्यावर आली. तांबडी अजून बसूनच आहे. वाटीत पाणी धरलं तर पिते.


काटोलचा संत्रेवाला
१ जून

काकू, तांबडी बसून असेल तर दिवसातून चार वेळा कूस बदला आणि खाली तणसाची जाड गादी करा, छातीला जखम होते. दाणा पाण्यात भिजवून मऊ करून द्या. रक्त भरायला उकडलेलं अंडं कुस्करून द्या, विचित्र वाटतं पण चालतं.

काल रात्री मीही आमचं खुराडं टॉर्चनं पाहून आलो. नाही निघाले. पण झोप लागली नाही ती नाहीच.


निंबाखालची काकू
१९ जून

उशिरा लिहिते, मधे मिरग लागला आणि पोर्च गळायला लागला.

तांबडी जगली. ६ जूनला पहिल्यांदा आपणहून उभी राहिली, आता चालते. डावा पाय जरा फेकून टाकते, तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणाले. तुरा गुलाबी झाला आहे, लाल अजून नाही. अंडं नाही दिलं, मी मागतही नाही. बाकीच्यांची अंडी ४ वर आली. औषध दिलेल्या दोघींची सांगितलेल्या दिवसांपर्यंत वेगळी ठेवायची होती, पण गिरिराजनं तेवढ्यात दोनच दिली आणि ती मातीत पुरली.

ह्यांनी खुराडं खोललं. दोन दिवस ब्लो लॅम्प फिरवला, तिसऱ्या दिवशी एका फळीचा खाचा उघडला आणि आत जे दिसलं ते पाहून स्वतःच उठले, सगळ्या फळ्या अंगणाच्या मध्यभागी रचल्या आणि पेटवल्या. मी काही बोलले नाही. सागवान फार सुंदर जळतं.

आता नवीनच. पेरूवरची बया पावसाला कंटाळून खाली उतरली आणि पलंगाखाली शिलाई मशीनच्या जुन्या झाकणात खुडूक बसली आहे. उठवलं की चोच मारते. खाली ७ अंडी आहेत, कडकनाथाचीच असणार. तिला औषध दिलेलं नाही. काका, बसू देऊ का?


सुईवाले काका
१९ जून

बसू द्या. फक्त ते झाकण लाकडी असेल तर आजच बदला, प्लास्टिकचं घमेलं घ्या. खुडूक कोंबडी २१ दिवस जागची हलत नाही, गोचिडाला याहून सोपं जेवण नाही. पिल्लं ऐन पावसात निघतील, तूस रोज हलवा आणि ओला झालेला लगेच काढा, नाही तर रक्ती हगवण लागेल. पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात थेंब. ह्या वेळी कागद मागून घ्या.